सातशे मिली

भुईगाव
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या काकांच्याच फाइलमध्ये घालते आहे. फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेलं अर्धं तुझे काका स्वतःच्या मनाने सांगतात. त्यात तू काय बोललीस आणि त्यांनी काय जोडलं, ते कळत नाही. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. पाकीट डिंकाने चिकटवलं आहे. ते बघून म्हणाले, "आजार माझा, टपाल माझ्या आजाराचं, आणि पोस्टमनही मीच. पगार कोण देणार?"

गुरुवारचं डायलिसिस बंद झालं, असं त्यांनी शनिवारी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, कंटाळलेत म्हणून थाप मारताहेत. विकी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "खरंच मावशी, सगळ्यांचाच एक दिवस कापलाय." दोन वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार असं धरून आम्ही घर चालवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तीनदा लागेल. मग आजार कमी झाला का, की नुसता दिवस कमी झाला?

तू तिथेच मशीनवर कामाला आहेस. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलं नाही, तुझी आई गेल्यावरसुद्धा काही हक्क दाखवला नाही. गुरुवार परत मिळतो का, एवढं बघ. खासगीत चौकशी केली. एका वेळचे दोन हजार सांगतात, तपासण्या वेगळ्या. काका म्हणतात, "वाडीत चाफा लागतो, सोनं नाही."

तुझी,
जयवंती मावशी

*

चंदनसार, विरार पूर्व
मंगळवार, ७ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,
नमस्कार.

काकांचं डायलिसिस सुरू आहे. मी बाजूच्या टेबलावर लिहिते आहे. निघताना फाइलमध्ये ठेवीन.

आजार कमी झालेला नाही. दिवस कमी झाला आहे. आमच्याकडे दहा मशीन आहेत. तीन पाळ्या चालत होत्या, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे एकशे ऐंशी वेळा डायलिसिस, साठ रुग्णांना तीन-तीन. सरकारी योजनेतून आमच्या केंद्राला एका वेळचा जो दर मिळतो तो चार वर्षांपूर्वी ठरलेला आहे, आणि तोही सात महिन्यांपासून आलेला नाही. कंत्राटदाराने चार तंत्रज्ञ कमी केले आणि तिसरी पाळी बंद केली. राहिले एकशे वीस. साठ रुग्णांना दोन-दोन. कुणाला काढलं नाही, असं कागदावर लिहिता येतं.

याशिवाय तेवीस जण बाहेर थांबलेले आहेत. त्यांना एकही दिवस नाही. काकांना तिसरा दिवस देणं म्हणजे त्यांतल्या एकाचा पहिला दिवस घेणं. ते मी करणार नाही. तू मागितलंस यात तुझं काही चुकलं नाही.

आता जे हातात आहे ते. दोन डायलिसिसच्या मधे अंगात पाणी साठतं. आठवड्यातून दोनदाच यायचं असेल तर ते कमी साठलं पाहिजे. दिवसभरात सगळं मिळून सातशे मिली. चहा, ताक, वरण, औषधाबरोबरचं पाणी, सगळं त्यातच. एका तांब्यावर खूण कर. सकाळी सातशे मोजून ओत. प्यायला, चहाला, जे लागेल ते त्यातूनच काढ. संपलं की संपलं. दोन वेळांमध्ये वजन दोन किलोच्या वर वाढायला नको.

पथ्याचा तक्ता पूर्वीचाच आहे: केळी, शहाळं, टोमॅटो, संत्रं, मोसंबी बंद, बटाटा आणि पालेभाज्या दोनदा उकडून, पाणी फेकून. रक्ततपासणी दर महिन्याला होत होती ती आता तीन महिन्यांतून एकदा होईल, कारण ती दरात धरलेली नाही. पुढची २५ मार्चला. वजन मात्र प्रत्येक वेळी होईल. वजनकाट्याला खर्च नाही.

ज्ञानदा

*

भुईगाव
शनिवार, १८ जानेवारी

चि. ज्ञानदा,

तांब्यावर नेलपॉलिशने रेघ मारली. शेजारच्या आल्बिनाकडून मागून आणलं, माझ्याकडे कुठलं. ती म्हणाली, "या वयात कसलं गो?" मी सांगितलं, नवऱ्याच्या तांब्याला लावायचंय. 

काकांनी पहिल्या दिवशी दुपारी बारालाच तांब्या संपवला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलले ते एवढंच, "तुझी भाची मशीनवर नाही, वॉटर सप्लायमध्ये पाहिजे होती." परवा विहिरीवर चूळ भरायला गेले ते पाव तास आले नाहीत. जाऊन बघते तर पंपाची नळी तोंडात. मी ओरडले तर म्हणतात, "झाडांना पाणी चालतं, मला नाही. मग मला पण आळं कर आणि उभं कर चाफ्याच्या रांगेत." मी हसले, आणि मग मला रडू आलं.

मंगळवारी तुम्ही वजन करून काय सांगितलंत? ते म्हणाले, "ठीक आहे." त्यांच्या ठीक आहेवर माझा विश्वास नाही. तू लिही.

जयवंती मावशी

*

शनिवार, १८ जानेवारी

प्रिय मावशी,

मंगळवारी तीन किलो चारशे ग्रॅम वाढ होती. आज तीन किलो नऊशे. ठीक नाही. इतकं पाणी चार तासांत ओढावं लागतं, त्यामुळे शेवटच्या तासात प्रेशर पडतं. आज ऐंशीवर आलं. रीमा सिस्टरने पाय वर घेतले, सलाइन दिलं. शुद्ध गेली नव्हती. ते तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते.

हृदय हे फार दिवस सहन करणार नाही. पंपाला कुलूप लाव.

ज्ञानदा

*

भुईगाव
मंगळवार, २८ जानेवारी

चि. ज्ञानदा,

कुलूप लावलं. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, हृदयाचं वाक्य दोनदा. त्यानंतर नळीला हात लावलेला नाही.

मीही बसून विचार केला. पाणी काही तांब्यातच असतं असं नाही. कालवणात असतं, भातात असतं, भाजीत असतं. म्हणून ओलं सगळं कमी करून टाकलं. भाताऐवजी भाकरी, कालवणाऐवजी सुकी भाजी. तोंड कोरडं पडलं की वाळवलेलं काहीतरी चघळायला देते, घरचंच. तोंडाला आपोआप पाणी सुटतं, बाहेरून लागत नाही. पहिले दोन दिवस कुरकुरले, आता स्वतःच मागून घेतात. काल रात्री तांब्यात चार बोटं पाणी उरलं होतं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी उरलेलं पाणी तुळशीला घातलं.

सोबत डब्यात सुकेळी आहेत, यंदाच्या राजेळीची. थंडी चांगली पडली, ऊन कोरडं होतं, आठ दिवसांत मधासारखी झाली. अर्धी घरी काकांना ठेवली, अर्धी तुला. लहानपणी तू वर गुंडाळलेल्या सोपटासकट तोंडात घालायचीस.

या वेळी वजन किती भरलं ते कळव.

जयवंती मावशी

*

शनिवार, १ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मंगळवारी वाढ एक किलो नऊशे होती. आज, चार दिवसांनंतर, एक किलो तीनशे. साठ रुग्णांमध्ये या आठवड्यात एवढी कमी वाढ दुसऱ्या कुणाची नाही. प्रेशर शेवटपर्यंत एकशे तीस राहिलं. काकांनी रीमा सिस्टरला विचारलं, "पहिला नंबर आला, बक्षीस काय?" ती म्हणाली, "घरी जा."

मी रोज सहा जणांची वजनं लिहिते. बहुतेकांच्या घरी हे होत नाही. तू हे कसं केलंस ते मी बाकीच्यांना सांगितलं आहे. जे करते आहेस तेच चालू ठेव.

सुकेळी मिळाली. रीमा आणि मी खाल्ली. चांगली होती.

ज्ञानदा

*

भुईगाव
मंगळवार, १८ फेब्रुवारी

चि. ज्ञानदा,

तुझं ते पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. हसू नकोस. शाळेतसुद्धा मला कुणी पहिला नंबर दिला नव्हता.

एक विचारायचं होतं. आठ-दहा दिवस झाले, काकांचे पाय त्यांच्या मनासारखे चालत नाहीत. कापसाचे झालेत म्हणतात. पडवीची पायरी चढताना खांबाला धरतात. काल फुलं खुडायला शिडीवर चढले आणि दुसऱ्या पायरीवरूनच उतरले. मुंग्या येतात, ओठांपाशीसुद्धा. डायलिसिस झालं की दोन दिवस बरं असतं, मग परत. रक्त तपासून घेऊ का? नाक्यावरच्या लॅबमध्ये होतं. मथुरावन्सं आल्या होत्या, म्हणाल्या, "तू त्याला उपाशी ठेवतेस, म्हणून गळाठलाय." माझी नणंद म्हणजे अशीच. पण मला ते लागलं. म्हणून चघळायला एकाच्या जागी दोन देते आता. दिवसातून दोनदा.

काकांना खाली काहीतरी लिहायचं आहे. पाकीट चिकटवायच्या आधी मागून घेतलंय.

जयवंती मावशी

चि. ज्ञानदाबाई यांस, पोस्टमनचा नमस्कार. तुझ्या मावशीने गुरुवार मागितला होता, ते मागणं मी रद्द करतो. परवा गेटवर कामणचा एक जण भेटला, गोदामात वॉचमन होता. त्याला एकही वार नाही. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. मला म्हणाला, "काका, तुमचं चालू आहे ना अजून?" त्याच्या मनात काय होतं ते मला कळलं. त्याला कळलं की मला कळलं. दोघांनी मिळून तंबाखू खाल्ली. मावशीला सांगू नकोस.
शांताराम

*

शनिवार, २२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

पाय गळणं बहुधा रक्त कमी असल्यामुळे आहे. रक्तवाढीचं इंजेक्शन डिसेंबरपासून केंद्रात नाही. मागणी लिहून दिली आहे. तोपर्यंत शिडीवर चढू देऊ नकोस.

बाहेर तपासणीची घाई नको. २५ मार्चला इथे होणारच आहे, फुकट. वाढ अजून दीड किलोच्या आत आहे, प्रेशर चांगलं आहे. तुझ्या नणंदेचं मनावर घेऊ नकोस. तू त्यांना उपाशी ठेवत नाहीस.

काकांना सांग, तंबाखूबद्दल मी काही वाचलेलं नाही.

ज्ञानदा

*

शनिवार, १ मार्च
(केंद्राच्या गेटवर)

मावशी,

आज केंद्र बंद ठेवलं आहे. पाणी शुद्ध करायच्या प्लांटचा गाळणीचा पडदा बदलायचा होता, तो पैशांअभावी बदलला नाही, आज पाण्याची चाचणी नापास झाली. अशा पाण्यावर मशीन लावता येत नाही. वीसच्या वीस रुग्ण परत पाठवले. मंगळवारी सुरू होईल असं सांगितलं आहे.

मंगळवार ते मंगळवार सात दिवस होतात. पाणी पाचशेवर आण. सुकं चालू ठेव. बाकी सगळं तसंच. दम लागला तर थांबू नका, जवळच्या हॉस्पिटलात जा.

काका म्हणाले, "गुरुवार गेला, आता शनिवार. तुम्ही लोक कॅलेंडरच छापू नका." विकीने रिक्षा वळवली, तेव्हा त्यांनी मागे बघून हात केला.

ज्ञानदा

*

भुईगाव
सोमवार, १७ मार्च

चि. ज्ञानदा,

हे पत्र विकीच्या हाती देते आहे. फाइल घरीच आहे.

तू तेराव्याला आलीस, पंगतीत वाढलंस, आणि माझ्याशी एकटीशी न बोलता गेलीस. तुझा स्वभाव मला माहीत आहे. पण मला जे विचारायचं आहे ते चार माणसांत विचारण्यासारखं नव्हतंच.

सोमवारी, ३ तारखेला, सकाळी साडेदहाला ते ओट्यावर बसून फुलांच्या पुड्या बांधत होते. दम नव्हता, सूज नव्हती. वजन मी घरी केलं होतं, दोन किलोसुद्धा वाढलं नव्हतं. मला म्हणाले, "दोरा कुठे गेला?" दोरा त्यांच्या हातातच होता. मग वाकले ते वर आलेच नाहीत. विकीने पंधरा मिनिटांत हॉस्पिटलात नेलं. तिथे छातीवर दाबलं, रक्त घेतलं. तो कागद माझ्याजवळ आहे. पोटॅशियम आठ पूर्णांक दोन लिहिलं आहे, त्याला गोल केलाय.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, "काय खात होते?" मी सगळं सांगितलं. पथ्याचा तक्ता तोंडपाठ आहे, तोही म्हणून दाखवला. केळं दोन वर्षांत त्यांना दिलं नाही, शहाळं नाही. वाळवलेलं काय, म्हणाला. मी म्हटलं, सुकेळी फक्त, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन. तो काहीतरी बोलणार होता, मग म्हणाला, "ठीक आहे आजी, बसा तुम्ही."

मथुरावन्सं तिथेच होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि घरी येईपर्यंत सगळ्या आळीला माहीत झालं. तेराव्याला पानावर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. वन्सं मोठ्याने म्हणाल्या, "आधी उपाशी ठेवलं, मग खायला घालून मारलं."

ज्ञानदा, सुकेळं मी केळं म्हणून धरलंच नाही. ते आम्ही बाळंतिणीला देतो, आजारातून उठलेल्याला देतो. तू पाणी म्हणालीस, आणि त्यात पाणी नव्हतं.

तू कुणाला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस. म्हणून तुलाच विचारते. ते माझ्यामुळे गेले का? हो किंवा नाही, तसं लिही.

जयवंती मावशी

*

चंदनसार
मंगळवार, २५ मार्च

प्रिय मावशी,

उत्तराला आठ दिवस लागले. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात 'नाही' लिहिलं होतं. पण हॉस्पिटलचा तो कागद तुझ्याजवळ आहे, कुणीतरी तुला कधीतरी वाचून दाखवील, म्हणून ते फाडलं.

केळं वाळलं की त्यातलं पाणी जातं. पोटॅशियम जात नाही. चार सुकेळी म्हणजे चार राजेळी केळी. हृदय त्यामुळेच थांबलं. पायांचं कापूस होणं आणि ओठांच्या मुंग्या, दोन्ही त्याचीच लक्षणं होती.

हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं असं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं तर त्यातलं बरंचसं निघून गेलं असतं. १ मार्चला केंद्र चालू असतं तरी बहुधा ३ मार्चचा दिवस निभावला असता. दर महिन्याला रक्त तपासलं जात असतं तर फेब्रुवारीतच आकडा दिसला असता आणि मी तुला विचारलं असतं. यातली एक गोष्ट नसती तर ते आज असते. कोणती एक, ते मला सांगता येत नाही. ज्यांनी दर ठरवला, ज्यांनी तो थकवला, ज्यांनी पाळी बंद केली, त्यांच्यापैकी कुणालाही हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्यांच्या कागदात काका 'दोन वेळा नियमित' असे आहेत.

आणि मी. तुझं २८ जानेवारीचं पत्र माझ्याकडे आहे. वाळवलेलं चघळायला देते, हे तू लिहिलं आहेस. त्याच्या खाली लिहिलं आहेस की अर्धी सुकेळी काकांना ठेवली. मी पहिलं वाक्य रुग्णाचं म्हणून वाचलं आणि दुसरं खाऊचं म्हणून. मधे दोन ओळींचं अंतर आहे. माझ्याकडे काटा होता, काट्यावरचा आकडा चांगला होता, आणि मी फक्त तोच वाचत होते. तू रक्त तपासू का, असं विचारलंस. मी नको म्हटलं.

आज तिमाही रक्ततपासणी होती. कॉम्प्युटरने सगळ्यांची लेबलं छापली. काकांचंही छापलं, कारण नाव अजून काढलेलं नाही. नाव काढायची पद्धत आहे, जागा भरायची पद्धत वेगळी आहे. जागा ४ मार्चलाच भरली. तेवीस जणांच्या यादीतला पहिला हिरामण, कामणचा. काकांनी ज्याच्याबरोबर तंबाखू खाल्ली तो हाच, हे मला तो आला तेव्हा कळलं. त्याला बोलवायचा फोन मीच केला. मंगळवार आणि शनिवार.

गेल्या मंगळवारी त्याच्या बायकोला मी विचारलं, घरी सुकेळी करता का. म्हणाली, "नाही ताई, आमच्यात नाही करत." मग स्वतःहून सांगितलं, "पण त्यांना सुकी चिंच देते चघळायला. पाणी मागत नाहीत. तुम्हीच सांगितलंत ना सगळ्यांना, कुणा मावशींची युक्ती म्हणून?"

चिंचेतही तेच असतं. मी ती बंद केली. मग एकेकाला विचारत गेले. साठांपैकी अकरा घरांत सुकं काहीतरी सुरू होतं: खजूर, मनुका, आवळकाठी, चिंच. ते मी सांगितल्यामुळे. तक्त्यात 'वाळवलेलं' हा शब्द घालावा असं लिहून दिलं आहे. नवा तक्ता नव्या निविदेबरोबर छापतील, असं उत्तर आलं. तोपर्यंत मी पेनने लिहिते आहे.

तू हो किंवा नाही विचारलं होतंस. दोन्हींपैकी एक मला लिहिता येत नाही. पण एक गोष्ट लिहिता येते.

१ मार्चला गेटवर मी काकांच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. ती फाइलमध्ये असेल. तिच्यात तारीख आहे, आणि चौथ्या-पाचव्या ओळीत 'सुकं चालू ठेव' असं लिहिलेलं आहे. ती काढून वेगळी ठेव. देव्हाऱ्यात एक पत्र ठेवल्याचं तू लिहिलं होतंस, ते तिथून काढ आणि या चिठ्ठीला टाचून ठेव. तुझ्या नणंदेने किंवा आळीत कुणीही तुला पुन्हा बोललं, तर दोन्ही दाखव.

अक्षर माझं आहे.

ज्ञानदा